कवळीवाले आणि लवंगीच्या शेंगा

समोरचा माणूस नुसता "नमस्कार" म्हणाला तरी त्याच्या तोंडात काय कमी आहे ते ज्याला कळतं, त्याला स्वतःच्या गच्चीवर काय कमी आहे ते तीन हंगाम कळू नये, हे जरा अवघडच आहे. पण कवळीवाल्यांच्या बाबतीत झालं ते असं झालं.

कवळीवाले म्हणजे कवळ्या करणारे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेऊन पाठवायचे, आणि रस्त्याला लागून असलेल्या एका लांबट खोलीत हे गृहस्थ त्या ठशात प्लास्टर ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, खुर्ची मागे सरकवून एक डोळा मिटायचे, आणि एखादा सुळा केसभर आत ढकलून मगच चहाचा कप उचलायचे. तोवर चहावर साय धरलेली असायची. पेशंट त्यांना कधी दिसत नसे. पण त्यांच्या हातची कवळी बसवलेली म्हातारी माणसं ओळखू यायची, कारण ती विनोद संपायच्या आधीच हसायला लागायची.

माणूस सोन्यासारखा, पण त्यांना फट सहन होत नसे. फळीवरच्या डब्यांच्या रांगेत मधला एक डबा खाली काढलेला असला, की ते बाकीचे डबे सरकवून घ्यायचे. अंडी ठेवायच्या खणात एक जागा रिकामी दिसली तर जेवताना लक्ष तिकडे. बायको म्हणायची, "अहो, अंडं खाल्लं की जागा रिकामी होणारच. आता काय त्याच्या जागी प्लास्टर भरू?"

"भर म्हणत नाही मी," ते म्हणायचे. "पण दिसतं ते."

अशा माणसाच्या हाती त्यांच्या ताईने लवंगीचं बी दिलं.

ताई त्यांच्याहून पुष्कळ मोठी. तिने बैठ्या घराच्या अंगणात उभा जन्म एकच फूल लावलं. त्याला बाजारात काय म्हणतात याची तिने कधी चौकशी केली नाही. फुलाला लवंगेसारखा वास, म्हणून लवंगी. रंग जुन्या विटेवर जांभळी शाई सांडावी तसा, आणि तो दुसरीकडे कुठेच बघायला मिळायचा नाही. ताईला तो तिच्या सासूकडून मिळाला होता आणि सासूला कुठून मिळाला ते विचारायची सासूपुढे कुणाची टाप नव्हती. पुढे ताईचे गुडघे गेले, अंगणाचं घर विकलं गेलं, आणि ती मुलाकडे एका इमारतीत राहायला गेली. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे, आणि त्या भिंतीलाही ऊन मिळत नसे. निघताना तिने एक औषधाची डबी धाकट्या भावाच्या तळहातावर ठेवली.

"धाकट्या, हे सगळं बी तुला. दरवर्षी पेर, दरवर्षी नवं धर. यात खंड पडला की जात संपली. दुकानात मिळायचं नाही."

"ताई, काळजीच सोड," धाकटा म्हणाला. धाकट्याचे केस तेव्हा पांढरे झालेले होते.

घरी आल्यावर बायकोने डबीवरचं नाव वाचलं आणि तिला वाटलं, मिरचीचं बी आलं. तिने कौतुकाने कुंडीही काढून ठेवली होती. फुलांचं आहे म्हटल्यावर तिने कुंडी परत उचलली. पण वन्संचं बी म्हणताच पुन्हा खाली ठेवली.

पहिल्या वर्षी सगळं इतकं चांगलं झालं, की पुढच्या संकटाची चाहूलही लागली नाही. थंडी पडता पडता त्यांनी गच्चीवर विटांचा वाफा केला आणि अर्धं बी पेरलं. मातीत प्लास्टरचा चुरा मिसळला, कारण चुरा घरचाच होता आणि टाकवत नव्हता. रोपांना तो मानवला. राखाडी, मऊ लव असलेली पानं आली. हात फिरवला तर मांजराच्या कानाला लावल्यासारखं वाटायचं. आणि मग कळ्या उमलल्या.

निम्म्या झाडांवर फुलं आली ती भरगच्च, पाकळीवर पाकळी, चिमुकल्या गुलाबासारखी. आणि बाकीच्या निम्म्यांवर आली ती साधी. चार पाकळ्या, चार दिशांना, मधे नुसती मोकळी जागा.

कवळीवाल्यांनी ती चार पाकळ्यांची फुलं पाहिली आणि एक डोळा मिटला. चार दात उरलेल्या तोंडाचा ठसा त्यांनी आयुष्यात हजारदा पाहिला होता. त्याचं काय करायचं हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोळकं ठेवायचं नाही. त्यांनी ती सगळी झाडं उपटली, आणि दाट फुलांची झाडं सरकवून वाफा असा भरून काढला की कुठे म्हणून फट दिसू नये.

"अहो, फुललेलं झाड उपटताय?" बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली.

"फुललंय कुठे? अर्धवट आहे ते. बी खराब होतं अशानं. चांगल्यातलं चांगलं तेवढं राखायचं असतं."

हे ते इतक्या ठामपणे म्हणाले, की बायकोलाही खरं वाटलं. गच्ची घमघमली. शेजारपाजारचे फुलं बघून गेले. मग फुलं सुकली, तपकिरी झाली, आणि झाडाला चिकटून राहिली. शेंग नाही. दाणा नाही. काही नाही.

"पहिलंच वर्ष आहे," कवळीवाले म्हणाले. "रुळायला वेळ लागतो."

दुसऱ्या वर्षी त्यांनी डबीतल्या उरलेल्या बियांमधलं बरंचसं पेरलं, आणि या वेळी आधी झाड कोण ते ठरवून घ्यायचं असं मनावर घेतलं. कारण झाड कोणत्या घरचं ते कळलं, की त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर म्हणाले, "हा फ्लॉक्स." मास्तरांना फुलांमधलं एकच नाव येत असे आणि ते नाव ते सगळीकडे वापरत. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, "स्टॉक नावाचं फूल असेल, आणून दाखवा." पण झाड उपटून नेल्याशिवाय दाखवायचं कसं? तेवढ्यात एक साधं फूल उमललं. ते कवळीवाल्यांनी तोडून खाली कामाच्या टेबलावर आणलं आणि दातांच्या फटी तपासायच्या भिंगाखाली धरलं. चार पाकळ्या, फुलीसारख्या. आत सहा तंतू, त्यातले चार उंच, दोन बुटके. त्यांनी पान चुरगळून जिभेवर ठेवलं. झणका नाकात गेला.

"अगं, ही मोहरी!" ते जिन्यातून ओरडले.

"मोहरी डब्यात आहे," बायको आतून म्हणाली.

"तशी नव्हे! मोहरीच्या घरातलं झाड आहे हे!"

बायको वर आली, एक पान उलटं केलं आणि हिरवी अळी चिमटीत धरून दाखवली. "हे काय नवीन सांगितलंत? कोबीवर असते तीच ही अळी. ती पांढरी फुलपाखरं गेला आठवडाभर इथे बसतायत. त्यांना कळलेलं तुम्हाला आज कळलं."

पण कवळीवाल्यांचा आनंद अळीने कमी होणारा नव्हता. मोहरीच्या घरातलं झाड म्हणजे शेंगा ठरलेल्या. मोहरीला शेंगा येतात, मुळ्याला येतात, कोबीसुद्धा मातीत विसरून गेला तर म्हातारपणी शेंगा धरतो. सगळं खानदान लेकुरवाळं. मग आपली लवंगी काय मागे राहील? त्यांनी ते भिंगाखालचं फूल कौतुकाने बाजूला ठेवलं, वर गेले, आणि त्या फुलाचं झाड उपटून टाकलं. त्याच्यासारखी दुसरीही उपटली.

आणि मग सुरू झालं वाट बघणं. ताईचा दर रविवारी फोन यायचा.

"धाकट्या, बी धरलं का रे?"

"धरतंय, ताई. धरतंय."

धरत काहीच नव्हतं. कवळीवाले रोज सकाळी वाफ्याशी उकिडवे बसून प्रत्येक फुलाचा देठ दाबून बघायचे. शेंगेची सुरुवात झाली असेल, तिथे जरा जाड लागायला हवं. काही लागत नव्हतं. मग दोष द्यायला सुरुवात झाली. आधी माश्यांना: या गल्लीतल्या मधमाश्या आळशी आहेत. मग बायकोने अळ्यांवर मारलेल्या साबणाच्या पाण्याला. मग मास्तरांच्या मांजराला, जे गच्चीवर येऊन नुसतं बघत बसायचं. "त्याच्या नजरेत काहीतरी आहे," कवळीवाले म्हणाले. मांजराच्या नजरेत झोप होती.

शेवटी त्यांनी मधमाशीचं काम स्वतः करायचं ठरवलं. दातांना रंगाची छटा द्यायचा तीन केसांचा ब्रश त्यांनी वर आणला, आणि डोळ्याला भिंग लावून फुलात घातला. फूल म्हणजे नुसत्या पाकळ्या. पाकळी बाजूला करावी तर आत पाकळी, ती बाजूला करावी तर आणखी एक, आणि सगळ्यात आत, जिथे पराग असायला हवेत, तिथेही एक बारीकशी घडी घातलेली पाकळी. ब्रशला लावायला पिवळी पूडच सापडेना. दुसरं फूल, तिसरं फूल, तेच. कुणाही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. कवळीवाल्यांना अभिमान वाटला. "काय भरलंय बघ," ते बायकोला म्हणाले, "दाणा ठेवायलासुद्धा जागा सोडलेली नाही!" हे बोलून ते खाली गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांना जिन्यातही कळलं नाही आणि रात्री जेवतानाही कळलं नाही.

त्या वर्षीही शेंग आली नाही. आता ते चिडले. झाडावर चिडता येत नाही, म्हणून सगळ्या जगावर चिडले. दातांच्या डॉक्टरांना फोनवर म्हणाले, "ठसा नीट घेत चला, मी काय जादूगार आहे?" डॉक्टरांनी फोन कानापासून लांब धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कवळीवाल्यांचा चढा आवाज ऐकला होता.

"अहो, वन्संना खरं सांगून टाका," बायको म्हणाली. "म्हणावं, येत नाहीत शेंगा. काहीतरी चुकतंय. त्या सांगतील."

"काय सांगू? ताईने उभा जन्म सांभाळलं ते मी दोन वर्षांत घालवलं म्हणून? तिला म्हातारपणी हे ऐकवू?"

"मग काय, तिसऱ्या वर्षी ऐकवणार?"

कवळीवाल्यांनी डबी हलवून पाहिली. डबीच्या तळाशी चिमूटभर बी उरलं होतं.

तिसऱ्या वर्षी ते सगळं पेरलं. आता मागे काही नाही. ही रोपं कवळीवाल्यांनी जशी जपली तशी बायकोच्या मते त्यांनी स्वतःची मुलंही जपली नव्हती. सकाळ-संध्याकाळ अळ्या वेचल्या. पाणी चमच्याने घातलं. मांजर येऊ नये म्हणून मास्तरांशी बोलणं टाकलं, जणू मास्तर मांजराला निरोप पोहोचवतील. आणि कळ्या उमलायला लागल्या तशी एकेक साधं फूल दाखवणारं झाड त्यांनी पूर्वीपेक्षाही निष्ठुरपणे उपटलं. त्यांच्या मनाने आता घेतलं होतं, की ही अर्धवट झाडंच जमिनीतला कस खातात आणि चांगल्यांच्या शेंगा मारतात.

अशात भाच्याचा फोन आला. "मामा, आई ऐकत नाहीये. म्हणते लवंगी फुलली असेल, मला घेऊन चल. उद्या येतो आम्ही."

कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेंग एक नाही आणि ताई येणार. निदान फुलं तरी अशी दाखवू की तिने शेंगांचा विषय काढू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाफ्याची अखेरची सफाई केली. त्या आठवड्यात उमललेली साधी झाडं राहिली होती, तीही उपटली, प्लास्टरच्या बादलीत भरली, आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन टाकली. वाफा कसा, नव्या कवळीसारखा झाला.

ताई भाच्याच्या आधाराने एकेक पायरी मोजत गच्चीवर आली. दारातच थांबली आणि डोळे मिटून तिने लांब श्वास घेतला.

"आली गं बाई माझी," ती म्हणाली.

कवळीवाल्यांच्या छातीवरचा धोंडा जरा हलला. बायकोने खुर्ची दिली. ताई बसली, वाफ्याकडे बघत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग परत.

"छानच आलीयेत रे. पण साध्या कुठे लावल्यास?"

"कोण साध्या?"

"अरे, चार पाकळ्यांच्या. बियांच्या."

कवळीवाल्यांची दातखीळ बसली. बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे, आणि काय झालंय ते तिला एका क्षणात उमगलं.

"वन्सं, ती यांनी उपटली," ती म्हणाली. "दरवर्षी उपटतात."

"दरवर्षी?"

"अर्धवट होती, ताई," कवळीवाले पुटपुटले. "मधे मोकळी. मला वाटलं, चांगलं तेवढं राखावं..."

"अरे, मधे मोकळी म्हणून तर बी धरतात! या दाटांना कुठलं आलंय बी? यांचं सगळं पाकळ्यांत गेलं. नटून बसल्यात नुसत्या, पोटी काही नाही. बी धरायचं ते साधीनं. तिच्या पोटी निम्म्या साध्या येतात, निम्म्या दाट. असंच चालत आलंय."

"मग हे तू डबी देताना का नाही सांगितलंस?"

"मला काय स्वप्न पडलं होतं?" ताईचा आवाज चढला. "फुललेलं झाड कोण उपटतं, मेल्या? माझ्या हातून आजवर एक नाही उपटलं गेलं. आता डबीत किती आहे?"

कवळीवाल्यांनी खाली बघत मान हलवली. ताई समजली. तिने हात मांडीवर ठेवले आणि समोर त्या भरगच्च फुलांकडे बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती.

"आजची!" बायको एकदम ओरडली. "अहो, आज सकाळी उपटलेली कुठायत?"

मग जे झालं ते गल्लीने पाहिलं. पुढे कवळीवाले, अनवाणी, मागे बायको, तिच्या मागे भाचा, आणि गच्चीच्या कठड्यावरून ताई काठीने दिशा दाखवतेय. कचराकुंडीत दुपारपर्यंत बरंच काही जमा झालं होतं. सगळ्यात वर बाजूच्या न्हाव्याने सकाळभराचे केस ओतले होते. कवळीवाल्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि काळ्यापांढऱ्या केसांत गुंतलेली लवंगी एकेक करून बाहेर काढली.

न्हावी दारात आला. "कवळीवाले, काय हरवलंय?"

"गप्प बैस."

"दात पडला का कुणाचा?"

"गप्प बैस म्हणतो ना!"

वर आणली तेव्हा झाडं मेल्यासारखीच होती. माना टाकलेल्या, मुळं उघडी. ताईने खुर्चीत बसून सूचना दिल्या: फुलं खुडा, पानं निम्मी काढा, सावलीत लावा, वर टोपली पालथी घाला. लावून झालं तेव्हा कवळीवाल्यांच्या मिशीत दुसऱ्या कुणाचे तरी केस होते. ताई जाताना एवढंच म्हणाली, "जगलं तर जगलं." आणि जिना उतरताना भावाचा हात तिने धरला नाही. भाच्याचा धरला.

ते कवळीवाल्यांना फार लागलं.

पुढचे दिवस वाईट गेले. टोपलीखालची झाडं एकामागून एक गेली. आज एक पिवळं, उद्या एक काळं. एकच उरलं, तेही आडवं. देठ जमिनीवर लोळत होता, टोक मात्र वर वळलं होतं, बिछान्यावरून मान उचलून पाणी मागावं तसं. त्यावर मोजकी फुलं आली. चार पाकळ्यांची. कवळीवाले त्यांच्यासमोर बसायचे आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागायचे. पण नजर त्या मधल्या मोकळ्या जागेवर गेली की अजूनही त्यांच्या अंगावर काटा यायचा.

पाकळ्या गळल्या आणि फुलाच्या जागी एक हिरवी काडी दिसली. मग दुसरी. चपट्या, लांब, खरोखरच्या शेंगा! त्यांनी त्याच क्षणी ताईला फोन लावला.

"ताई, शेंग आली!"

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. इतक्या आठवड्यांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"नाही लावत."

त्यांनी लावला. एक शेंग पुरती भरली आहे असं त्यांना वाटलं, आणि फुटून दाणे उडून गेले तर, या भीतीने त्यांनी ती हिरवीच तोडली. आत मऊ, पाणचट, हिरवट ठिपके होते, कशाच्याच कामाचे नाहीत. दुसऱ्या शेंगेला अळीने अर्धं खाल्लं. ते दिसल्यावर कवळीवाल्यांनी अळीला जे शब्द वापरले, ते बायकोने आजवर त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. उरल्या शेंगांवर मग बायकोनेच पातळ कापडाच्या पिशव्या चढवल्या, गाठ मारली, आणि सांगितलं, "ही गाठ मी सोडणार. तुम्ही खाली जा. डॉक्टरांचा तीनदा फोन येऊन गेलाय, एक आजी महिनाभर पेजेवर आहेत तुमच्यापायी."

शेंगा वाळून पिवळ्या पडल्या तेव्हा तिने त्या ताटलीत मोडल्या. चपटे, गोल दाणे पडले, कडेला पातळ झालर असलेले. फार नव्हते. पण होते.

पुढच्या थंडीत ते पेरले. रोपं आली, वाढली, कळ्या धरल्या. आणि एका सकाळी पहिलं फूल उमललं ते नेमकं वाफ्याच्या मधोमध, पुढच्या ओळीत, आणि साधं. चार पाकळ्या आणि मधे फट. कवळीवाले त्याच्यासमोर उभे राहिले. उजवा हात आपोआप खाली गेला, तो त्यांनी डाव्या हाताने धरला.

"अगं," ते म्हणाले, "या साध्यांना उद्यापासून तू पाणी घाल. मला बघवत नाहीत."

"घालते की," बायको म्हणाली. "पण मग बी माझं. आणि वन्संना फोनही मीच करणार."

"वा! आणि मी काय करू?"

"तुम्ही दाटांना घाला. त्यांनाही कुणीतरी हवंच."

कवळीवाले काहीतरी झणझणीत बोलणार होते. पण खालून डॉक्टरांचा माणूस हाका मारत होता, म्हणून ते बडबडत जिना उतरले, आणि बायकोने फोन लावला.